बालवाडीचा उंबरठा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड हे कोकणातील एक पुरातन व्यापारी गाव. रायगड किल्ल्याची वाट ह्याच तालुक्यातून जाते. परंतु आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात महाडचे नाव कायमचे कोरले गेले ते एका तळ्यामुळे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत केला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास खुले असल्याचे जाहीर झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही त्याच अर्थाचा ठराव करून चवदार तळे सर्वांस मोकळे केले. कागदावर दार उघडले. पण पुढील तीन वर्षे त्या तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची सोय कोणालाही झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासमवेत परिषदेला जमलेले प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, आणि त्याबद्दल अनेकांना मारही खावा लागला. पुढे दिवाणी दावा झाला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. हक्क लिहिला जाणे ही एक पायरी आहे, आणि त्या हक्काचा उपभोग घेता येणे ही दुसरी. दोन्हींच्या मधले अंतर आपोआप तुटत नाही; ते कोणीतरी चालून जावे लागते. अस्पृश्यतेचा अन्याय माणसांनी माणसांवर जाणूनबुजून लादलेला होता, म्हणून शारीरिक वा मानसिक व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांचा प्रश्न त्याच मापाने मोजणे योग्य होणार नाही. तथापि दार उघडे असूनही आत पोहोचता येत नाही, हा अनुभव मात्र त्या बालकांच्याही वाट्याला येतो. ते अंतर तोडणाऱ्या एका शांत, फारशा गाजावाजा न झालेल्या विद्येचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्या विद्येचे नाव व्यवसायोपचार.

महाडहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे पोलादपूर लागते. तेथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढतो व दुसरा कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. तालुक्याची वस्ती डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्यांतून आहे. अशा एखाद्या वाडीतील चार वर्षांचे एक मूल श्रोत्यांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे त्याचे पाय कात्रीसारखे आवळलेले आहेत, मान डुलते, उजवा हात मुठीत मिटलेला असतो. त्याचे नाव अंगणवाडीच्या पटावर आहे. सेविका मायाळू आहे. तिने त्याला नाकारलेले नाही. आई त्याला कडेवर आणते व भिंतीला टेकवून बसविते. इतर मुले फेर धरून गाणी म्हणतात, ते पाहते. इतर मुले मण्यांच्या माळा ओवतात, ते पाहते. ताटे मांडली जातात, तेव्हा आई त्याला भरविते व घरी नेते. कोणी त्याच्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही, आणि तरीही त्या मुलाने बालवाडीत काही केले असेही म्हणता येत नाही.

ह्या मुलाला काय हवे? वैद्याचे औषध त्याला नीट बसविणार नाही. शिक्षिकेचे प्रेम त्याची मूठ उघडणार नाही. त्याचे शरीर, त्याच्यापुढचे काम व त्याची बसण्याची जागा ह्या तिन्हींचा एकत्र विचार करणारे कोणीतरी हवे. हाच व्यवसायोपचारकाचा प्रांत आहे. मराठीत 'व्यवसाय' म्हटले की मनात धंदा येतो, आणि चार वर्षांच्या मुलाचा धंदा कोणता, अशी शंका सहजच उद्भवते. परंतु ह्या विद्येत व्यवसाय म्हणजे माणूस ज्यात दिवसभर गुंतलेला असतो ती प्रत्येक अर्थपूर्ण कृती. मोठ्यांचा व्यवसाय शेती, कारकुनी, स्वयंपाक. बालकाचा व्यवसाय खेळणे, जेवणे, कपडे घालणे, माती कालविणे, सवंगड्याचा हात धरणे. जी कृती करता येत नाही, तीच कृती सोपी करून, तिचे टप्पे पाडून, तिची साधने बदलून करून घ्यावयाची आणि करता करता शरीराला व मनाला बळ आणावयाचे, हे ह्या उपचाराचे सूत्र होय.

ह्या सूत्राचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सापडतो. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल ह्या वैद्याने वेडाने ग्रासलेल्या रुग्णांना साखळदंडांऐवजी माणुसकीची वागणूक व हाताला काम देण्याचा पुरस्कार केला. कामाने मन स्थिरावते हा अनुभव शंभर वर्षे निरनिराळ्या रुग्णालयांत येत राहिला. मार्च १९१७ मध्ये अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या लहानशा गावी काही मंडळी जमली. त्यांत जॉर्ज बार्टन हा स्वतः व्याधिग्रस्त झालेला वास्तुशिल्पी होता, विल्यम डन्टन हा मनोवैद्य होता, आणि एलिनॉर क्लार्क स्लेगल ही समाजकार्यकर्ती होती. त्यांनी ह्या उपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि हातपाय गमावलेल्या, मनाने खचलेल्या सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी ह्या नव्या विद्येची गरज एकदम वाढली. दुसऱ्या महायुद्धाने ती आणखी दृढ केली.

भारतात ही विद्या आली ती मुंबईच्या परळ भागात. तेथील के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. सभोवार गिरण्यांची वस्ती, आणि त्या गिरण्यांत कोकणातून आलेला चाकरमानी. महाड-पोलादपुरातील कित्येक घरांचा एक पाय गावात व दुसरा मुंबईत अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, हे सर्वश्रुत आहे. गावी दुखणे हटले नाही तर मुंबईच्या नातलगाकडे उतरावे व मोठ्या इस्पितळात दाखवावे, हा ह्या भागातील परिपाठच होता. अशा त्या परळच्या रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय उघडले.

ते उघडणाऱ्या बाई जन्माने अमेरिकन होत्या. १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी ह्या क्वेकर पंथातील कन्येने विष्णु निंबकर ह्यांच्याशी विवाह केला, १९३० साली ती भारतात आली व कमला निंबकर ह्या नावाने येथलीच झाली. त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण अमेरिकेत घेतले व ते येथे रुजविले. १९५२ साली भारतीय व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी ह्या विद्येचा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या 10 संस्थापक देशांत भारताचे नाव होते. १९५८ साली नागपुरासही असे शिक्षण सुरू झाले. कमलाबाई १९७९ साली निवर्तल्या. पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथे मॅक्सीन बर्नसन ह्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने जी मराठी शाळा काढली तिला 'कमला निंबकर बालभवन' असे नाव मिळाले. रुग्णालयात काम केलेल्या बाईंचे नाव एका बालशाळेस लाभावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

मुंबईत ह्याच सुमारास आणखी एक कार्य उभे राहिले होते. फातेमा इस्माइल ह्यांच्या कन्येस पोलिओ झाला. मुलीवर उपचार करविताना त्यांना जे शिकावे लागले, जी धावपळ करावी लागली, ती इतर मातांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी १९४७ साली मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था स्थापिली. त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले हा मोठा प्रश्न होता. आता तो राहिला नाही; २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक वाढीतील विलंब, बहिरेपणा, अंधत्व ह्या बाबी अर्थातच नाहीशा झालेल्या नाहीत. रुग्णालयाच्या भिंतींतून ही विद्या बालवाडीपर्यंत कशी पोहोचावी, हाच पुढचा प्रश्न होता.

येथे बालशिक्षणाच्या इतिहासाकडे वळणे अगत्याचे आहे. कारण त्यात एक विसरले गेलेले ऋण दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील अरण्यात सापडलेल्या एका मुक्या मुलाला इतार नावाच्या वैद्याने शिकविण्याचा यत्न केला. त्याचा शिष्य एदुआर सेगँ ह्याने बुद्धीने मंद समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी इंद्रियांना वळण देणारी साधने तयार केली. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी ह्या दोघांचे ग्रंथ अभ्यासले आणि १९०० च्या सुमारास रोममध्ये अशाच मुलांना शिकविले. त्या मुलांची प्रगती पाहून, हीच पद्धती इतर मुलांना का लावू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आज बालवाडीत बटणे लावण्याच्या चौकटी, खाचेत बसणारे दट्ट्ये, खरखरीत अक्षरे दिसतात. त्या साधनांची वंशावळ लावली तर ती दिव्यांग मुलांच्या वर्गात जाऊन पोहोचते. ज्या मुलांच्या बोटांवरून ही विद्या जगाने उचलली, त्यांच्याच बोटांना पुढे बालवाडीत जागा राहिली नाही, हा त्या इतिहासातील विपर्यास होय.

महाराष्ट्रात हे बालशिक्षण आणले ते गिजुभाई बधेका ह्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंना लवकरच उमगले की, महागडी साधने व शहरी इमारत ह्यांच्या आधाराने खेड्यातील मूल शिकणार नाही. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीस आल्या. गावाबाहेरच्या वस्तीतील मुले बालवाडीत येत ना, तेव्हा ह्या बायांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ह्या शब्दाचा जन्म असा आहे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मण्यांच्या ठिकाणी बिया आल्या, रंगीत ठोकळ्यांच्या ठिकाणी शंख-शिंपले आणि पाने-फुले आली. मूल शाळेच्या मापाचे नसेल तर शाळा मुलाच्या मापाची करावी, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविले. व्यवसायोपचाराचे तत्त्वही ह्याहून निराळे नाही.

खेडोपाडी बालवाड्या पसरण्यास आणखी एक कारण झाले, आणि त्यात महाडचा एक धागा गुंफलेला आहे. १८९६ साली रायगडाजवळील नाते ह्या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या दुर्गाबाई देशमुख ह्या पहिल्या अध्यक्षा होत्या. ह्या मंडळाच्या ग्रामीण योजनांत बालवाडीला प्रमुख स्थान होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनिशी सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द बोर्डीच्या अंगणातून देशभर गेला.

एवढ्या मोठ्या योजनेत दिव्यांग मुलाचे काय झाले? मुंबईत १९७२ साली मिठू अलूर ह्यांनी मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी शाळा सुरू केली होती. त्यांची स्वतःची कन्या त्याच व्याधीने ग्रस्त होती. त्या शाळेत शिक्षण व उपचार ही दोन्ही एकाच छपराखाली आणली गेली. पुढे लंडन विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, सर्व बालकांसाठी म्हणून आखलेल्या ह्या योजनेत प्रत्यक्षात दिव्यांग बालकाचा विचारच झालेला नव्हता. अशा मुलांना त्यांनी अदृश्य मुले म्हटले. कोणी त्यांना हाकलले नाही. ती कोणाच्या नजरेसच पडली नाहीत.

कायद्याची पावले त्यानंतर एकामागून एक पडत गेली. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे 92 देशांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांना एकत्र शिक्षण देण्याचे तत्त्व मान्य केले. १९९५ साली भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, पण तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांपुरता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद घेतली, शाळांनी भेदभावाविना प्रवेश द्यावा व प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्या असे बजावले. परंतु मोफत शिक्षणाचा हक्क तेथेही 6 व्या वर्षापासूनच सांगितलेला आहे. म्हणजे मूल जेव्हा सर्वांत लवकर घडते, त्या 3 ते 6 ह्या वयात त्याचा आधार मुख्यत्वे अंगणवाडी हाच उरतो. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने फिरत्या वैद्यकीय पथकांकडून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हास्तरावर शीघ्र उपचार केंद्र अशी व्यवस्था आखली. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यप्रणालीही जाहीर केली. दार उघडण्याचे काम, असे म्हणता येईल, बव्हंशी झाले आहे. प्रश्न पायऱ्यांचा आहे.

त्या पायऱ्या व्यवसायोपचारक कशा बांधतो, हे पोलादपूरच्या त्या कल्पित मुलाच्या उदाहरणाने पाहावे. तो प्रथम आसनाकडे पाहतो. मान व धड स्थिर नसेल तर हात मोकळा होत नाही. दोन्ही हात तोल सावरण्यातच खर्ची पडतात. म्हणून मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, नाहीतर त्याच आकाराच्या लाकडी खुर्चीत बसवावयाचे. खुर्चीवर बसविताना कंबर, गुडघे व घोटे काटकोनात येतील अशी उंची ठेवावयाची, तळपाय हवेत लोंबकळता कामा नयेत, त्यांच्याखाली पाट द्यावयाचा, आणि मांड्या आवळून येऊ नयेत म्हणून मध्ये मऊ लाकडी ठोकळा बसवावयाचा. ह्यासाठी परदेशी सामानाची गरज नाही. गावचा सुतार ही खुर्ची करू शकतो. रद्दी कागदाचे थर खळीने चिकटवून, वाळवून केलेल्या टणक खुर्च्याही अनेक देशांत वापरल्या गेल्या आहेत. मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यात काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर ह्यांनी १९८७ साली खेड्यातील दिव्यांग मुलांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच घरगुती साधनांनी भरलेला आहे.

आसनानंतर हात. खडू बारीक असेल तर त्यावर चिंधी गुंडाळून तो जाड करावा. चमच्याच्या दांड्यालाही तेच. वाटी घसरते म्हणून तिच्याखाली ओले फडके ठेवावे. बोटांना चिमटीचे वळण लावावयाचे तर कोकणात त्याचे साधन घरोघर आहे. भिजवून मोड आणलेले वाल सोलून बिरडे तयार करणे हा महाड भागातील स्वयंपाकघराचा नित्याचा उद्योग. अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये दाणा धरून हलकेच दाबला की साल सुटते व डाळिंबी बाहेर येते. बोटांना एवढा चांगला, एवढा आनंददायक व्यायाम विकतच्या खेळण्यात क्वचितच मिळेल. नाचणीच्या पिठाचा गोळा मळणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे, झाडूने अंगण लोटणे, ह्या साऱ्या कृतींत उपचार दडलेला आहे. आजी-आईचा हात लागलेली ही कामे मुलाला परकी वाटत नाहीत, आणि त्यांचे फळ लगेच डोळ्यांना दिसते.

दुसरे मूल निराळ्या अडचणीचे असते. ते धडधाकट चालते, पण कोकणातल्या आषाढी पावसाचा पत्र्याच्या छपरावर मारा सुरू झाला की कान झाकून कोपऱ्यात लपते; सर्व मुले टाळ्या वाजवू लागली की किंचाळते. अमेरिकेतील व्यवसायोपचारक जीन आयर्स ह्यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कान, त्वचा, स्नायू व तोल ह्यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड न बसल्यास मुलाच्या वागण्यावर व शिकण्यावर परिणाम होतो. त्यांच्या उपचारपद्धतीच्या फलाविषयी विद्वानांत अजूनही मतभेद आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु तिच्यातून आलेली एक दृष्टी सेविकेच्या फार उपयोगी पडते. मूल हट्टी आहे असे समजून त्याला रागे भरण्याऐवजी त्याला नेमके काय सोसवत नाही, हे ती पाहू लागते. त्याची जागा आतल्या भिंतीकडे हलविणे, दिवसाचा क्रम चित्रांनी दोरीवर टांगून दाखविणे, गाण्याच्या वेळी त्याला खेळण्यांची टोपली उचलून ठेवण्याचे काम देणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

पूर्वी उपचारक मुलाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत व तेथे व्यायाम करवीत. अनुभव असा आला की खोलीत साधलेली गोष्ट वर्गात येऊन हरवते. मूल खोलीत चेंडू पकडते पण फेरात पकडत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांच्या शिक्षणाबरोबर व्यवसायोपचार हीही शाळेने पुरवावयाची सेवा ठरविली, आणि १९८६ साली ती तरतूद 3 ते 5 वर्षांच्या बालकांपर्यंत नेण्यात आली. त्यानंतर हळूहळू उपचार वर्गातच, खेळात व जेवणात मिसळून करण्याकडे कल झुकला. ह्याचा लाभ एकट्या दिव्यांग मुलाला होतो असे नाही. जाड खडू सर्वच चिमुकल्या हातांना सोपा जातो; चित्रांचा क्रम सर्वांनाच कळतो; आणि शेजारच्या सवंगड्याला वाटी सरकवून देणारे मूल सहजीवनाचा पहिला धडा गिरविते.

ह्या चित्रात काही काळ्या रेषाही आहेत, आणि त्या झाकून चालणार नाही. प्रशिक्षित व्यवसायोपचारक प्रामुख्याने मोठ्या शहरांतून आढळतात. डोंगरवाडीवरील मातेला मूल कडेवर घेऊन पायवाट उतरावी लागते, एस. टी. धरावी लागते, आणि एका दिवसाची मजुरी बुडते. महाड-पोलादपुरात पावसाळा हाच एक अडसर आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. जेथे धडधाकट माणसाला जीव घेऊन पळणे कठीण, तेथे न चालणाऱ्या मुलाचे काय होत असेल, ह्याचा विचार संकटनिवारणाच्या आखणीतही व्हावयास हवा. शिवाय सेविकेच्या माथ्यावर वजने, नोंदी, आहार, गरोदर स्त्रियांच्या भेटी ह्यांचा भार आधीच आहे. तिला आणखी एक फर्मान पाठविले म्हणून उपचार घडणार नाही.

तेव्हा मार्ग व्यवहाराचा काढावा लागेल. उपचारकाने रोज वाडीवर येणे शक्य नाही. पण ठरलेल्या दिवशी तो तालुक्याला आला, सेविका, मदतनीस व आई ह्यांना मुलाला बसविण्याची, उचलण्याची, भरविण्याची रीत त्याने त्यांच्या हातून करवून शिकविली, आणि पुढच्या खेपेस येऊन काय साधले ते पाहिले, तर त्याची विद्या त्याच्या अनुपस्थितीतही काम करीत राहते. खुर्ची सुतार करील, टोपल्या बुरूड विणील, बिरडे आजी सोलवून घेईल. उपचारकाचे काम त्यांच्या हातांना दिशा देण्याचे आहे. मात्र दिशा देणारा हवाच; चुकीच्या तऱ्हेने ओढलेला ताठर पाय किंवा आडवे पाडून भरविलेला घास मुलाला अपाय करू शकतो. ममता पुरेशी आहे असे समजून शास्त्राला फाटा देणे जितके घातक, तितकेच शास्त्राची वाट पाहत हात बांधून बसणेही घातक.

ह्या साऱ्या खटाटोपाने मूल बरे होईल काय, असा प्रश्न मातापिता नेहमी विचारतात. मेंदूला झालेली इजा ह्या उपचाराने भरून येत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून पालकांनी सावध राहावे. साधते ते असे की, भिंतीला टेकून पाहणारे मूल कोपऱ्यातील खुर्चीत बसून दोन दाणे सोलते, चार घास स्वतःच्या हाताने तोंडात घालते, फेरात आपले नाव आले की हात उंचावते. पाहणाऱ्याला ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु 6 व्या वर्षी मोठ्या शाळेच्या दारात उभे राहताना, आपण काही करू शकतो हे ठाऊक असलेले मूल आणि आपण केवळ पाहावयाचे असते हे शिकलेले मूल, ह्या दोघांच्या पुढील आयुष्यात महदंतर पडते. 3 ते 6 ही वर्षे एकदा गेली की कोणत्याही ठरावाने परत आणता येत नाहीत.

महाडच्या तळ्याचा ठराव आणि त्याच्या पाण्याची पहिली ओंजळ ह्यांच्यात तीन वर्षे गेली, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यावयास तेरा. चार वर्षांच्या मुलापाशी एवढा अवधी नसतो. त्याच्या वाटच्या पायऱ्या फार उंच नाहीत: एक पाट, एक कोपरा, एक जाड खडू आणि ते कसे वापरावयाचे हे जाणणारा एक माणूस. बालवाडीने आपली पहिली साधने ज्यांच्याकडून घेतली, त्या मुलांचे ऋण फेडावयास एवढ्यापासून आरंभ करता येईल.